अस्मानी आणि सुलतानी : एका जोडशब्दाची झडती

मराठी भाषेतील काही जोडशब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की, त्यांच्या दोन घटकांत एके काळी काही भेद होता याचा आपणांस विसर पडला आहे. 'अस्मानी-सुलतानी' हा त्यांपैकी एक होय. पीक बुडाले, गाव उठले, घर जळाले, की आपण हा शब्द एका दमात उच्चारतो आणि एक सुस्कारा सोडून पुढच्या कामाला लागतो. त्यातले अस्मानी किती आणि सुलतानी किती, हा हिशेब करण्याचे आपल्याला सुचत नाही. प्रस्तुत लेखात हा हिशेब मराठी साहित्याच्या संदर्भात मांडून पाहण्याचा विचार आहे. हे काम वास्तविक एखाद्या व्यासंगी प्राध्यापकाचे; परंतु हिशेब हा शब्द आला की कारकुनालाही थोडा अधिकार पोचतो, एवढ्याच आधारावर हे धाडस करीत आहे.

या विचाराला निमित्त झाले ते जयपुरातील एका पहाटेचे. २० डिसेंबर २०२४ रोजी अजमेर रस्त्यावर भांकरोट्याजवळ वळण घेणाऱ्या गॅसच्या टँकरवर एक मालमोटार आदळली. टँकरच्या तोट्या तुटल्या, गॅस रस्त्यावर पसरला आणि क्षणात पेटला. उदयपूरहून येणारी एक प्रवासी बस आणि मागेपुढे उभी असलेली कितीतरी वाहने त्या ज्वाळांत सापडली. वीसच्या आसपास माणसे दगावली. आम्ही राहतो ते वैशाली नगर त्या रस्त्यापासून फार दूर नाही. दिवस उजाडला तो रुग्णवाहिकांच्या आवाजाने. खाली दुधाच्या दुकानापाशी जमलेल्या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, 'होनी को कौन टाल सकता है.' त्यावर एका तरुणाने विचारले की, त्या रस्त्यावर त्या जागी ते वळण ठेवले कोणी? दोघेही दुःखातच बोलत होते. मात्र एकाचे दुःख आभाळाकडे पाहत होते आणि दुसऱ्याचे रस्त्याकडे. त्या क्षणी मला आपला जुना जोडशब्द आठवला, आणि तो मधोमध चिरून पाहावा असे वाटले.

हा शब्द मुळात कवींचा नव्हे, कारकुनांचा आहे. फारसी 'आस्मान' म्हणजे आकाश, आणि सुलतान म्हणजे राज्यकर्ता. दख्खनच्या जुन्या महसुली व्यवहारात, मक्त्याच्या व कौलाच्या कागदांतून, हे दोन शब्द कलम म्हणून येत. अवर्षण, अतिवृष्टी, गारा, टोळ ही अस्मानी. फौजेची धामधूम, लूट, सत्तेचा जुलूम ही सुलतानी. यांपैकी काही घडल्यास ठरलेल्या रकमेत सूट मागण्याचा मार्ग मोकळा राही. या कलमातील एक गोष्ट मला विलक्षण वाटते. आकाशाइतकीच सत्ताही रयतेवर कोसळू शकते, हे सत्तेने आपल्याच दप्तरात नोंदवून ठेवले होते! आजच्या कायद्यातही याचा अंश उरला आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील आपत्तीच्या व्याख्येत निसर्गाबरोबर मनुष्यकृत कारणे, अपघात आणि निष्काळजीपणा यांचाही समावेश आहे. म्हणजे कागदाने हा भेद जपला. साहित्याने तो किती जपला, हा खरा प्रश्न होय.

संतवाङ्मयापासून आरंभ करावा हे योग्य. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. त्यानंतरच्या एका दुष्काळाशी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा जोडलेली आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती आली आणि घरोघर पोचली. बेदरच्या बादशहाचा हा अधिकारी सरकारी कोठारे उपाशी लोकांना मोकळी करतो. बादशहाचे बोलावणे येते. आणि पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारी जाऊन धान्याची किंमत चुकती करतो व पावती घेतो. या कथेकडे आपण भक्तीचा चमत्कार म्हणून पाहतो. परंतु चमत्कार नेमका कोणता, हे पाहावे. पांडुरंगाला पाऊस पाडणे अशक्य थोडेच होते? पण तो पाऊस पाडीत नाही. तो रक्कम भरतो आणि पावती आणतो. धान्य कोठारात होतेच, भूक कोठाराच्या दाराबाहेर होती, आणि मध्ये होते ते कुलूप, हे त्या कथाकाराने ओळखले होते. अस्मानी संकटाच्या पोटात सुलतानी कशी दडलेली असते याचे इतके अचूक दर्शन मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ते एका भोळ्या समजल्या गेलेल्या कथेत आहे. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकाला त्यातून आणखी एक प्रश्न बोचतो. किल्ली पंतांच्या हाती होती. आपल्या हाती असती तर?

तुकोबांच्या वाट्याला आला तो १६३० ते १६३२ चा दुष्काळ. त्या काळात पाऊस गेला हे खरेच. पण त्याच वर्षांत शाहजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन दख्खनवर फौजा लोटीत होता, हेही तितकेच खरे. अन्न आधी फौजेला जाई, उरले तर गावाला. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत ज्या अभंगात सांगितली आहे, त्यात दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही गेल्याचे आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेल्याचे ते निवेदन करतात. तेथे आभाळाला शिव्या नाहीत, बादशहावर आरोप नाहीत. आहे ती स्वतःची लाज. आधुनिक टीकाकार यावर म्हणेल की, येथे सामाजिक कारणमीमांसा नाही. मला हा आक्षेप उथळ वाटतो. ज्याच्या घरात माणूस भुकेने मेले त्याला प्रथम लाजच वाटते, ही आपत्तीची सर्वांत क्रूर करणी आहे. आणि ती सांगण्यास जे धैर्य लागते ते आरोपाच्या धैर्याहून कमी नाही. परंपरा असेही सांगते की, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. म्हणजे कारणमीमांसा त्यांनी अभंगात केली नाही, हाताने केली.

समर्थांचा मार्ग निराळा. त्यांच्या स्फुट प्रकरणांत 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' ही दोन प्रकरणे आहेत, हेच पुरेसे बोलके आहे. महसुलाच्या कागदावरचा शब्द त्यांनी कवितेच्या मथळ्यावर चढविला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी त्रिविध तापांचे वर्णन केले आहे, आणि आधिभौतिकाच्या समासात ठेच आणि काटा यांपासून आरंभ करून बाहेरून येणाऱ्या पीडांची लांबच लांब यादी दिली आहे. यादी हा समर्थांचा दोष आहे असे पुष्कळांनी म्हटले आहे. मला मात्र त्या यादीत पंचनामा दिसतो. शोक करण्यापूर्वी काय काय गेले हे नोंदवून ठेवावे, ही वृत्ती आपल्या साहित्यात अगदी दुर्मीळ आहे.

ती वृत्ती पुन्हा भेटते ती विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्ये. वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाला आणि झाशीच्या कत्तलीत सापडला. त्याने हे लिहिले १८८३ च्या सुमारास आणि छापले गेले ते १९०७ साली. झाशी पडल्यानंतर कोणत्या दिवशी काय लुटले गेले, माणसे कोठे लपली, पाण्यावाचून काय झाले, हे तो क्रमाने सांगतो. त्याला इतिहास लिहावयाचा नव्हता, वीररस तर नव्हताच नव्हता. त्याला आपण काय पाहिले हे घरच्यांना सांगावयाचे होते. म्हणूनच सुलतानीचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय चित्र एका दक्षिणार्थी भटजीच्या हातून उतरले. परप्रांतात राहून मराठी लिहिणाऱ्या आपणां सर्वांचा तो आद्य पुरुष आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जोडशब्दाची खरी परीक्षा झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे अंदाज आहेत. याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता. धान्याची निर्यात चालूच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून ती दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. याच टेंपलसाहेबांनी १८७३-७४ साली बंगाल-बिहारच्या टंचाईत सढळ हाताने खर्च करून माणसे वाचविली होती आणि त्या खर्चाबद्दल बोल ऐकून घेतले होते. वाचविल्याबद्दल ठपका आला, म्हणून पुढच्या खेपेस त्यांनी काटकसर केली! नोकरशाहीच्या इतिहासातील ही एक ओळ शोकांतिकेच्या तोडीची आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. १८७७ च्या आरंभी मजुरांनी कमी मजुरीविरुद्ध कामे सोडली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता निघाली.

महात्मा फुले यांनी १८७७ साली धनकवडी येथे दुष्काळात उपाशी मुलांसाठी आश्रम चालविला, आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. आपत्तीविषयीच्या मराठी गद्याचा हा मानदंड आहे असे माझे मत आहे. आकाशाकडे बोट दाखविण्याची सवड त्यांनी कुणालाच दिली नाही. पाणी का मुरत नाही, जनावरे का मरतात, जंगल कोणी बंद केले, कर्ज कसे चढते, कज्जा कसा लांबतो, अशा प्रश्नांच्या मालिकेतून अवर्षणाच्या आधीच गरीब झालेला शेतकरी ते उभा करतात. त्यांचा राग पुष्कळदा एका जातीवर केंद्रित होतो आणि तेथे त्यांचे विवेचन काही वाचकांस एकांगी वाटते, हे मान्य करूनही, पाऊस हा शेतकऱ्यावरचा शेवटचा घाव असतो, पहिला नसतो, हा त्यांचा सिद्धांत ढळत नाही. त्या पुस्तकातील आरोपींत कारकूनही आहे. मी ते वाचतो तेव्हा दर वेळी थोडा अस्वस्थ होतो, आणि तसे व्हावे अशीच त्यांची इच्छा असणार.

हरिभाऊ आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरची दीर्घकथा याच शतकाच्या अखेरची. १८९७ साली तिचे 'रामजी' या नावाने इंग्रजी भाषांतर विलायतेत निघाले. कथेत एका शेतकरी कुटुंबाची वाताहत आहे आणि हरिभाऊंची करुणा अस्सल आहे. परंतु मथळा पाहावा. कठीण 'आला' तो काळ. काळ हा कर्ता झाला की बाकीचे सगळे कर्ते सुटले. हरिभाऊ स्वतः पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, प्लेगच्या दिवसांत त्यांनी कष्ट घेतले. त्यांच्या कर्तव्यबुद्धीविषयी शंकेला जागाच नाही. शंका आहे ती आपल्या भाषेच्या या लकबीविषयी. काळ येतो, दिवस फिरतात, वेळ ओढवते. आपली क्रियापदे आपल्याही नकळत गुन्हेगारास दाराबाहेर पोचवून येतात.

प्लेगचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पिसवा आणि उंदीर हे अस्मानी. पण १८९७ च्या पुण्यात लोकांच्या मनावर उमटली ती घरझडती. २२ जून १८९७ रोजी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, आणि प्लेगची कथा मराठी मनात त्या गोळीची कथा होऊन बसली. सुलतानीने अस्मानीला गिळले. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. हाफकिन यांनी जानेवारीत मुंबईत लस सिद्ध केली होती. ज्या साथरोग कायद्यान्वये हे सारे चालले तोच कायदा २०२० च्या महामारीत पुन्हा वापरला गेला. यांपैकी एकही गोष्ट आपल्या लोककथेत नाही. तेव्हा जोडशब्दातला दुसरा भाग पकडला म्हणजे न्याय झाला असेही नाही. जुलूम दिसला की रोग दिसेनासा होतो, हीदेखील एक अंधताच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची थोरवी मला यातच वाटते. प्लेग, दुष्काळात अनाथ झालेली मुले, घरातली ओढाताण हे सारे त्या एका पातळीवर, हसत-चिडत सांगतात. त्यांच्या लेखनात रोगीही आहे, भीतीही आहे, आणि रोग्याला पाणी देणारा हातही आहे.

आता कादंबरीकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) या चार वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन कादंबऱ्या एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे आपला प्रश्न आरशात पाहावा तसा स्पष्ट होतो. बनगरवाडीत दुष्काळ शेवटी येतो, न बोलता येतो, आणि मेंढरांच्या कळपामागे गाव चालू लागते. मास्तर मागे राहून पाहतो. माडगूळकरांनी एकही शब्द वाया घालविलेला नाही. मराठीत दुष्काळाचे इतके संयमी चित्र दुसरे नाही. फकिरात दुष्काळ येतो तो उपाशी माणूस विरुद्ध भरलेले कोठार अशा रूपात, आणि नायक ते कोठार फोडतो. येथे संयम नाही, योगायोग आहेत, भाषण आहे. रूढ समीक्षेने पहिलीला कलाकृती म्हटले आणि दुसरीकडे पुष्कळ काळ जराशा संकोचानेच पाहिले.

माझे मत असे आहे की, दोन्ही कादंबऱ्यांना आपण अपुरे वाचले. बनगरवाडीच्या दुष्काळात सुलतानी नाही हा आक्षेप घेता येईल. पण तो दुष्काळ ज्या वाडीवर येतो तिच्यात शाळा, तालीम, संस्थानाचा राजा, कारभाऱ्याचा शब्द हे सारे लेखकाने आधीच बारकाईने मांडून ठेवले आहे. एवढी माणसे, एवढी व्यवस्था, आणि तरीही गावाला धरून ठेवील असे काहीच हाती उरत नाही, हे त्या मौनात आहे. उलट फकिराच्या बाबतीत आपण पराक्रम वाचला आणि भूक वाचावयाची राहिलो. फकिरा म्हणजे ज्याच्याजवळ किल्ली नाही असा दामाजीपंत होय. पंतांनी कुलूप उघडले तर देव धावून आला. फकिराने फोडले तर सरकार धावून आले. दोन कथांतील हा फरक दुष्काळाचा नाही, माणसाच्या जागेचा आहे. आणि ज्या समाजात तो फरक आहे त्या समाजाने 'अस्मानी' हा शब्द जपूनच वापरला पाहिजे.

यानंतर एक गमतीची, पण हसू न येणारी गोष्ट घडली. १९६३ साली महाराष्ट्र राज्याने एक कायदा करून राज्यातील कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्दच वगळून टाकला. त्याच्या जागी 'टंचाई' आली. दुष्काळ पडू द्यावयाचा नाही हा त्यामागचा निर्धार प्रामाणिक असेल. पण नऊच वर्षांनी, १९७२ साली, खडी फोडणाऱ्या लाखो हातांना, सुकडीच्या वाटपाला आणि तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीला काय म्हणावे हे कायद्याला ठाऊक नव्हते. लोक मात्र दुष्काळच म्हणत राहिले. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या चिकाटीने ती वाढली, आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य झाला. सुलतानीला सुबुद्धी सुचल्याचे हे उदाहरण. तेही नोंदविले पाहिजे, नाहीतर आपला हिशेब एकतर्फी होईल. परंतु शब्द पुसल्याने वस्तू पुसली जात नाही, हे साहित्यिकाने नाही सांगावयाचे तर कोणी?

धरणांच्या युगात तर अस्मानी आणि सुलतानी यांची सीमाच बुजली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि पुणे पाण्याखाली गेले. पाऊस आकाशातून पडला हे खरे. पण ते पाणी अपुऱ्या राहिलेल्या बांधकामामागे अडविलेले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. तो भूकंप जलाशयाच्या भाराशी निगडित असल्याचे शास्त्रज्ञांनी पुढे जगभर उदाहरण म्हणून सांगितले. म्हणजे ज्याला आपण भूमातेचा कोप म्हणत होतो त्यातही आपला हात होता! विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (१९९१) तर पाणी फुटतच नाही, ते नियोजनाप्रमाणे हळूहळू चढते. ज्या आपत्तीची तारीख सरकारी आदेशात आधीच लिहिलेली असते, तिला साहित्यात स्थान मिळवून देणे ही त्या कादंबरीची कामगिरी. आणि भोपाळ? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू अस्मानी नव्हता, आणि नेहमीच्या अर्थाने सुलतानीही नव्हता. तेथे आपला जोडशब्दच अपुरा पडतो. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्येही (२००२) असेच होते. शिकलेला, शेतीत अडकलेला एकनाथ ज्या संकटाशी झुंजतो त्याला एक दिवस नाही, एक चेहरा नाही. शीर्षकच सांगते की ते बारा महिन्यांचे आहे.

येथवर आपण सोसणाऱ्याच्या बाजूने बोललो. पण जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब इतक्यावर बंद करता येत नाही. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज चाल करून येत असता, मागण्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या सवाई ईश्वरीसिंहांनी विष घेऊन प्राण दिला. आणि १० जानेवारी १७५१ रोजी याच शहराच्या कोटाच्या आत आलेल्या मराठ्यांची नागरिकांनी कत्तल केली. तिकडे बंगालात त्याच दशकात 'बर्गी' हा शब्द मुलांना निजविताना भीती घालण्यासाठी अंगाईत शिरला, आणि गंगाराम या कवीने त्या स्वाऱ्यांवर 'महाराष्ट्र पुराण' रचले. नाव महाराष्ट्राचे, आणि विषय आपत्ती! पानिपताला आपण वाक्प्रचारात जागा दिली, कारण ते आपल्यावर कोसळले. जे आपण दुसऱ्यांवर कोसळलो, त्याला मात्र आपल्या भाषेत 'मोहीम', 'चौथाई' अशी नीटस नावे आहेत. कोणत्याही भाषेतील आपत्तिसाहित्याची कसोटी मी येथे लावीन: आपल्या हातून झालेल्या सुलतानीला तिच्यात शब्द आहे काय? या कसोटीवर आपण बंगालीचे ऋणी ठरतो, आणि ते ऋण अजून फेडावयाचे आहे.

या प्रांताच्या भाषेकडूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. राजस्थानात दुष्काळाचे प्रकार कारणावरून पाडीत नाहीत. धान्य नसेल तो अन्नकाळ, पाणी नसेल तो जलकाळ, चारा नसेल तो तृणकाळ, आणि तिन्ही नसतील तो त्रिकाळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' हा त्रिकाळ होता, आणि आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो येतो. आपण विचारतो, संकट कोणी धाडले? हे लोक विचारतात, काय संपले? पहिल्या प्रश्नाने न्यायाला वाट मिळते, दुसऱ्याने मदतीला. चांगल्या लेखकाला दोन्ही विचारता आले पाहिजेत.

यावर एक रास्त आक्षेप येईल. साहित्य म्हणजे चौकशी आयोग नव्हे. मृत्यूपुढे उभ्या असलेल्या लेखकाने जबाबदारीची वाटणी करीत बसावे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि तुकोबांविषयी लिहिताना मी ते मान्यही केले आहे. परंतु मला एक आठवण सांगू द्यावी. माझे आजोळ औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तान्हा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळविले होते आणि गावे गाढ झोपेत होती. जवळजवळ दहा हजार माणसे गेली असे सांगतात. माझी आजी त्या रात्री उकाड्यामुळे अंगणात निजली होती, म्हणून वाचली; घरात निजलेली तिची जाऊ वाचली नाही. पुढे कोणी भूकंपाचे नाव काढले की आजी म्हणे, 'भूकंपानं कुणी मेलं नाही रे बाबा, घरानं मेलं.' दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मणामणाचे माळवद, त्याने माणसे दाबली. हे वाक्य बोलताना तिचा कंठ दाटून येई, आणि तरीही ती शब्द बदलीत नसे. पुढे भूकंपतज्ज्ञांचे लेख वाचताना मला तेच वाक्य पुन्हा भेटले. आजीला शाळा ठाऊक नव्हती. पण करुणा आणि कारण यांत निवड करावी लागते, हे तिला कोणी शिकविलेले नव्हते, म्हणून तिच्या एका वाक्यात दोन्ही होती.

मराठी लेखकाकडून याहून अधिक काही मागावयाचे नाही. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खाली आला, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री आला. पुढेही येत राहतील, आणि त्यांवर कविता, कथा, अग्रलेख लिहिले जातील. लिहिणाऱ्याने शोक जरूर करावा. फक्त 'काळ आला' असे लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून, तो कोणत्या वाटेने आला आणि ती वाट कोणी केली, हे पाहून घ्यावे.

त्या डिसेंबरातील दुधाच्या दुकानापाशी उभे असलेले दोघेही आमच्या गल्लीतलेच. वृद्ध गृहस्थ अजूनही रोज सकाळी भेटतात, रामराम करतात. परवा अजमेर रस्त्याचा विषय निघाला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'होनी तो थी, पर मोड़ भी था.' मी घरी येऊन हा लेख लिहावयास बसलो.